अर्जनविसांचा अंमल

घरात बसून कोणी छत्री उघडतं का हो? आमच्या पडवीत एक गृहस्थ कितीतरी महिने छत्री उघडून बसत. कौलं गळत नव्हती, ऊन आत येत नव्हतं. नवा पेशंट आला की आधी त्यांच्याकडे बघायचा, मग वर आढ्याकडे आणि मग माझ्याकडे. मी काय सांगणार, कपाळ! मी आपली म्हणायची, "त्यांचं राहू दे. तुम्ही बसा, डॉक्टर येतीलच एवढ्यात."

ते अर्जनवीस होते. रत्नागिरीच्या कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली चटई टाकायची, पुढ्यात दौत नि बोरू मांडायचे आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यायचा, हा त्यांचा धंदा. पिंपळावर कावळ्यांचं बिऱ्हाड, म्हणून छत्री. पंचवीस-तीस वर्षं छत्रीखाली लिहिल्यावर पुढे छपराखालीसुद्धा त्यांना तिच्यावाचून मजकूर सुचेना. "माणसाच्या डोक्यावर काहीतरी असावं, वैनी," म्हणायचे. त्यांना नाव-आडनाव असणारच, पण अख्खं गाव त्यांना अर्जनवीस म्हणे आणि मीही इथे तेच म्हणत्ये.

अंगानं शेवग्याची शेंग. कोपरांवर विटलेला काळा कोट, कानावर बोरू. आणि बोलणं सगळं अर्जातलं. चहा हवा असला तर सरळ "चहा द्या" म्हणतील तर शपथ! "सबब, मेहेरबान वैनींनी कृपावंत होऊन अर्धा कप चहा मंजूर करावा. कळावे." आमटीत मीठ कमी पडलं तर "मिठाबाबत फेरविचार व्हावा." मांजरानं दुधाची वाटी लवंडून पोबारा केला, तर हे शांतपणे म्हणाले, "प्रतिवादी फरारी झाले." मला हसू यायचं आणि रागही यायचा. मग मी चहाचा कप न बोलता पुढे सरकवायची. 'मंजूर' म्हणून त्यांना डोक्यावर चढवायची नाही, असं मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

लोकांची कैफियत ऐकताना ते डोळे मिटून बसत. समोरचा बिचारा बांध, आंबा, भावकी असं सगळं रामायण सांगायचा. सांगता सांगता त्याला वाटायचं, हे तर झोपले. तो थांबला की अर्जनवीस डोळे न उघडता विचारीत, "मग बैल कोणाच्या गोठ्यात बांधला म्हणालात?" त्यामुळे खेड्यापाड्यांतले लोक म्हणत, अर्जनवीस ध्यान लावतात. ध्यान कसलं डोंबलाचं! ती अफू होती.

अफूचं नाव मात्र ते घेत नसत. तिला 'सरकार' म्हणत. कोर्ट उघडायची घंटा झाली की कोटाच्या आतल्या खिशातून शिंगाची डबी काढायची, हरभऱ्याएवढी गोळी जिभेखाली सारायची आणि हात जोडून म्हणायचं, "सरकार आले." कोर्ट उठताना पुन्हा एकदा तोच सोहळा. कोणी टोकलं तर उत्तर तयार. "दुकान सरकारी परवान्याचं, जकात सरकारची, मोहोर सरकारची. मग माल सरकार नाही तर कोण? मी आपला राजनिष्ठ प्रजाजन."

पण लिहीत असे लिहीत! एकदा दोन सख्खे भाऊ एका फणसावरून हमरीतुमरीवर आले. थोरला सकाळी येऊन अर्ज लिहवून गेला, धाकटा दुपारी. दुसऱ्याचा अर्जही ह्याच छत्रीखाली झालाय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अर्जनविसांनी दोन्ही अर्जांत एकच वाक्य घातलं: 'सदर फणसाखाली अर्जदार व त्याचा बंधू लहानपणी एकाच घोंगडीत निजत असत.' कोर्टात दोन्ही अर्ज वाचले गेले आणि ते दोन दाढीमिशांचे बाप्ये ढसाढसा रडायला लागले. खटला तिथल्या तिथे मिटला. वकील मंडळी कितीतरी दिवस अर्जनविसांवर फुरंगटून होती. भावांनी त्याच झाडाचा फणस आणून दिला, तो लिबलिबीत बरका निघाला, एवढीच अर्जनविसांची तक्रार.

असा हा माणूस एके दिवशी त्याच कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. दुकानात ठरलेल्या मापापर्यंतच अफू मिळे आणि त्यांची भूक तर वाढत चाललेली. म्हणून बंदरावर एका मचव्याच्या खलाशाकडून चोरून घेतली. झडती झाली आणि कोटाच्या अस्तरात पुडी सापडली. आमचे हे, म्हणजे डॉक्टर, त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या खटल्यात साक्षीला गेले होते. त्यांनी तो प्रसंग मला इतक्यांदा सांगितलाय की आता मीच तिथे होत्ये असं वाटतं.

मॅजिस्ट्रेट नवे, देशावरचे, सदा गंभीर चेहऱ्याचे. त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल, साहेब. मजकूर बिनचूक आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "इथे येऊन मी जे अर्ज वाचतो त्यांतले समजतात तेवढे सगळे तुमच्या अक्षरातले असतात. तुम्हाला तुरुंगात घातलं तर मी वाचू काय?" आणि असा हुकूम दिला की तसा कोणी ऐकला नव्हता. आरोपीनं सहा महिने डॉक्टरांच्या आवारात राहावं, त्यांच्याकडून अफू सोडण्याचे उपचार घ्यावेत, डॉक्टरांनी दरमहा कोर्टाला कळवावं, आणि हयगय दिसली तर सरळ तुरुंगाची वाट. शेवटी कारकुनानं खड्या आवाजात वाचलं, "या हुकमाचा अंमल आजपासून सहा महिने राहील."

अर्जनविसांनी हात जोडले. "साहेब, अंमलाची मला सवय आहे."

पट्टेवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळं कोर्ट हसलं म्हणे. साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला.

डॉक्टर कोणते, हा प्रश्नच नव्हता. साहेब नि आमचे हे बुद्धिबळाचे सोबती. ह्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली, आणि घरी येऊन दवाखान्याच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मला विचारलं का कोणी? छे! मी मालगुंडहून ह्या घरात येऊन तीनेक वर्षं झाली होती. सासूबाई नव्हत्या, घर माझ्याच अंगावर. हे सकाळी जे व्हिजिटला बाहेर पडत ते कधी परततील ह्याचा नेम नसे. म्हणजे एका अफूबाजाला रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या हातानं गोळी द्यायची ती मी! मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "माहेरी कळलं तर काय म्हणतील, पोरीला डॉक्टरांकडे दिली की गुत्त्यावर?" हे नुसते हसले. ह्यांचं ते हसणं म्हणजे विषय संपला.

पण दुसऱ्याच दिवशी मला कळलं की त्या माणसाला तुरुंगाची भीती नव्हती, भीती वेगळीच होती. त्यांची बायको केव्हाच वारलेली, आणि एकुलती एक मुलगी, यमू, खेडला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, लांबच्या एक आत्या येऊन राहायच्या, सगळं ठरलेलं. तेवढ्यात झडतीची बातमी खेडला पोचली. यमूच्या सासूबाईंनी माणसाबरोबर निरोप धाडला. अर्जनविसांनी तो मला शब्दन् शब्द म्हणून दाखवला, छत्री मिटून, खाली बघत. "ज्याच्या जिभेला अफू लागली आहे त्याच्या उंबऱ्यात आमची सून पाऊल टाकणार नाही. बाळंतपण इथेच होईल. आणि नातवंडाचं तोंड त्याला दिसायचं नाही." त्या एका निरोपात कुठेही 'सबब' नव्हतं. रागबीग सगळा कुठच्या कुठे गेला, आणि मी किल्ली कमरेला घट्ट खोचली.

गोळ्या हे स्वतः वळत. युक्ती अशी की गोळीचा आकार तोच ठेवायचा, आतली अफू हळूहळू कमी करायची आणि तेवढा काथ वाढवायचा. अर्जनविसांना फसवणं म्हणजे काय पोरखेळ आहे? आठवडा झाला नाही तोच गोळी जिभेखाली फिरवत म्हणाले, "वैनी, हल्ली सरकारचा वचक कमी झालाय." पुढे म्हणाले, "सरकार गेलं. आता हे नुसतं संस्थान आहे."

थट्टा करत म्हणून सोपं गेलं असं मात्र नाही हो. ते पहिले दोन महिने मी विसरायची नाही. जांभयांवर जांभया, नाक-डोळे गळतायत, अंगाला दरदरून घाम आणि वर चार कांबळी. पाय अशा काही लाथा झाडत की बाजल्याची सुंभं तुटली. "हाडांत कोणीतरी जातं ओढतंय, वैनी," म्हणत. पोटात पेजेशिवाय काही ठरेना. आणि एवढ्यातही अर्ज चालू! पाठकोऱ्या कागदांवर लिहून भागूबरोबर, म्हणजे आमच्या कामवालीबरोबर, स्वयंपाकघरात पाठवायचे. 'सबब, संध्याकाळची गोळी दुपारीच मिळावी.' मी चुलीतला कोळसा घ्यायची आणि त्यावर आडवं लिहायची: नामंजूर. मग दुसरा अर्ज यायचा: 'नामंजुरीची कारणं कोर्टानं द्यावीत.' भागू वैतागायची. "काय वो वैनी, माज्या पायाचं तुकडं पडलं. तुमी दोगा समोरासमोर बसून काय ता भांडा की!"

एके दुपारी मात्र अर्ज आला नाही. त्यांना दिलेल्या बाहेरच्या खोलीतून पेजेचा वाडगा भिरकावल्याचा आवाज आला. मी धावत गेल्ये. अर्जनवीस भिंतीला टेकून उभे, डोळे लाल, ओळखू येईनात. ओरडले, "नको मला तुमचे उपचार! तुरुंगात टाका! तिथे निदान रडायला तरी मोकळीक असेल!" मी घाबरल्ये होत्ये, खोटं कशाला सांगू? पण माझी जीभ माझ्या आधी धावते. "टाकत्ये की! आणि खेडला निरोपही धाडत्ये, की सासूबाई, तुमचंच खरं निघालं. मग बसा जन्मभर नातवंडाचं नाक कोणासारखं आहे ते लोकांना विचारत!" म्हणून गेल्ये आणि वाटलं, बाई गं, फार बोलल्ये. ते हळूच खाली बसले. भातशितं जमिनीवरून गोळा करायला लागले, एक एक. मग म्हणाले, "दुसरी पेज आहे का, वैनी?" पुढे-मागे काही नाही, नुसतं एवढंच. मी वाडगा भरून आणला नि पेज संपेपर्यंत तिथेच बसल्ये.

त्यानंतर उतार पडला. ह्यांनी त्यांना संध्याकाळी तरीतून, म्हणजे खाडीवरच्या होडीतून, पलीकडे भाट्याला पाठवायला सुरुवात केली, वाळूतून चालायला. सकाळी पडवीत चटई पडू लागली, छत्री उघडली गेली आणि दवाखान्यात येणारी माणसं औषधाबरोबर अर्जही लिहवून नेऊ लागली. हे म्हणत, "माझ्यापेक्षा ह्यांच्याकडे रांग मोठी!" खेडहून साखर घेऊन माणूस आला, मुलगा झाला म्हणून, तो दिवस तर मला लख्ख आठवतो. अर्जनविसांनी साखरेची चिमूट तोंडात टाकली, पिंपळाखाली असताना गोळी सारायचे तशीच जिभेखाली सारली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ बसले. मग म्हणाले, "हिच्यात काथ नाही."

पाचव्या महिन्याच्या सुमारास ह्यांनी गोळीतून अफू अजिबात काढून टाकली. मला म्हणाले, "त्यांना सांगू नकोस. आपली द्यायची." मी दिली. अर्जनविसांनी ती घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "संस्थानही खालसा झालं, वैनी. कळलं मला." माझा चेहरा पडला असणार, कारण ते लगेच म्हणाले, "पण दरबार चालू ठेवा. तुम्ही देता, मी घेतो. एवढं तरी राहू दे." मग रोज सकाळ-संध्याकाळ मी मुकाट काथाची गोळी देत्ये आणि ते हात जोडून घेतायत, असा आमचा दरबार चालला. आता आठवलं की हसू येतं.

मुदत संपली त्या दिवशी साहेबांनी भर कोर्टात त्यांचं कौतुक केलं नि विचारलं, "काही म्हणायचं आहे?" अर्जनवीस म्हणाले, "सबब, हुकमाची मुदत वाढवून मिळावी." लोक हसले, पण ते थट्टेत बोलत नव्हते. साहेब म्हणाले, "तसं करायचं तर तुम्हाला दुसरा गुन्हा करावा लागेल." घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानंच. म्हणाले, "आता दुकानात गेलो तर मला अडवायला हुकूम नाही, वैनी. नुसता मीच आहे." मी म्हटलं, "बाहेरची खोली काही कोर्टाची नाही, आमची आहे. राहा." ते राहिले.

आणि खेडची गाठ सुटली. साहेबांचा शब्द आणि डॉक्टरांचं पत्र, सासूबाईंना आणखी काय हवं होतं? यमू पोराला घेऊन मोटारीनं आली, लाल धुळीनं माखलेली. भागूनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. अर्जनविसांनी नातवाला हातांत घेतलं आणि त्याचं नाक न्याहाळत राहिले. त्या दिवशी सगळा आनंदीआनंद होता.

दुसऱ्या दिवशी पोरानं रडायला जो सूर लावला, तो थांबेचना. पाजून झालं, ओवा-शेपा झाल्या, पोट शेकून झालं, मी दृष्ट काढली. छे! पाय झाडतंय, अंग ताठ करतंय, नाकातून पाणी. हे नेमके खाडीपलीकडे भाट्याला व्हिजिटला गेलेले. दुपार कलायला लागली तशी यमू कावरीबावरी होऊन वडिलांपाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, रागावू नका हं. तुमच्याकडे जराशी असेल ना?"

"काय गो?"

"त्याची गोळी हो. सासूबाई रोज देतात त्याला निजवायला, मोहरीएवढी. डबी खेडलाच राहिली."

मी दारात उभी होत्ये. ज्या बाईनं अफूच्या पायी ह्या माणसाला नातवंडाला मुकवलं होतं, तीच बाई त्या नातवंडाला रोज अफू चाटवत होती! आणि यमूला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कोणालाच वाटत नसे तेव्हा. घरोघरी 'बाळाची गोळी' असे, तिला कोणी अफू म्हणतच नसे. भागूसुद्धा म्हणाली, "द्या वायच चाटवून. पोर कसा गप निजंल."

अर्जनवीस पोराजवळ गेले. वाकून त्याच्याकडे बघितलं, त्याचा झाडणारा पाय मुठीत धरला. त्यानं जांभई दिली, लगेच दुसरी दिली. अर्जनविसांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वैनी," ते म्हणाले, "हे भुकेचं रडं नाही. हे माझं रडं आहे."

मी कमरेची किल्ली चाचपली. कपाटात अफू होती. त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. म्हणाले, "उघडू नका. मला दिसता कामा नये. आणि किती द्यायची ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पोराला देऊ नका." कोपऱ्यातली छत्री उचलली आणि ताडताड बाहेर पडले.

मी फाटकापर्यंत धावल्ये. ते उजवीकडे वळले. उजवीकडे म्हणजे बाजारपेठ, आणि बाजारपेठेत ते दुकान. तरीच्या धक्क्यावर जायचे दोन रस्ते होते, एक बाजारातून आणि एक वळसा घालून. आजवर भाट्याला फिरायला जाताना ते वळसा घालूनच जात. यमू माझ्यामागे येऊन उभी राहिली. "आप्पा दुकानात गेले ना, वैनी?" असं म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. आपण काय मागून बसलो ते तिला तेव्हा कळलं. माझ्याच मनाची खात्री नव्हती. आत पोर टाहो फोडतंय, बाहेर रस्त्याकडे माझे डोळे लागलेत, आणि मनात एकच, देवा, ह्या माणसाचं केलं-सवरलं मातीत घालू नको रे.

केव्हा तरी छत्री दिसली. मागे आमचे हे, घामाघूम, हातात बॅग. अर्जनवीस धापा टाकत पायरीवर बसले. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत खाडीच्या पाण्यानं भिजलं होतं. होडी यायचीही त्यांनी वाट बघितली नव्हती, ओहोटीत जेवढं पुढे जाववलं तेवढं जाऊन पलीकडे हाका मारत उभे राहिले होते. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "दुकानावरून गेलो, वैनी. येतानाही तिथूनच आलो. तो हाक मारत होता, 'या अर्जनवीस, बऱ्याच दिवसांनी.' काय करणार, दुसरा रस्ता लांबचा. पोर रडत होतं."

ह्यांनी पोराला तपासलं. म्हणाले, "एकदम तोडायची नाही, झटके येतील. अर्जनविसांची उतरवली तशीच उतरवायची." यमू रडत रडत म्हणाली, "पण तिकडे सासूबाई…" अर्जनवीस म्हणाले, "त्यांना सांग, पोराला मी जामीन आहे." पुढे ते स्वतः खेडला जाऊन विहीणबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "अहो, ती काय अफू आहे? ती तर बाळाची गोळी!" त्यावर अर्जनवीस एवढंच म्हणाले, "बाईसाहेब, मीही तिला तीस वर्षं सरकार म्हणत होतो." त्या घरातली डबी त्यानंतर विहिरीत गेली. विहीणबाईंनी ती आपल्या हातानं टाकली, हे मी यमूकडून ऐकलंय.

पण ते नंतरचं. त्या दिवसापासून माझ्या कपाटाला दोन पेशंट झाले. एक काथाची गोळी घेई, दुसऱ्याला आईच्या दुधात कालवून कणभर, मग कणाचा कण. देताना अर्जनवीस पाठ करून उभे राहत. आणि मग तो दिवस आला, जेव्हा हे म्हणाले, "आज पोराला काही द्यायचं नाही."

दुपारी वेळ झाली तसं पोर कुरकुरायला लागलं. मग रडायला. यमू कानांवर हात ठेवून परसात जाऊन बसली. अर्जनविसांनी पोराला उचललं, पडवीतल्या चटईवर मांडी घातली, त्याच्यावर छत्री उघडली आणि कोर्टात वाचतात तशा एका संथ सुरात सुरू केलं:

"मेहेरबान बाळराजे, मुक्काम आजोबांची मांडी, यांचे हुजुरास. खाली सही करणार आजोबा याचा नम्रतापूर्वक अर्ज ऐसा जे, हुजूर रडत आहेत. कारण अर्जदारास स्वानुभवानं ठाऊक आहे. हाडांत जातं फिरतं. ते फिरू द्यावं. ते थांबतं. अर्जदाराचं थांबलं आहे. कोणी काही म्हणो, हुजुरांनी धीर सोडू नये. अर्जदार उठून जाणार नाही. सबब…"

किती वेळ ते चाललं होतं कोण जाणे. तोच मजकूर, पुन्हा पहिल्यापासून. रडं हळूहळू हुंदक्यांवर आलं, हुंदके लांब लांब झाले. आणि एकदा 'सबब' म्हणताना पोराची मूठ सुटली, डोळे मिटले. अर्जनवीस तिथेच थांबले. 'कळावे' त्यांनी म्हटलंच नाही.

मी जवळ जाऊन वाकून बघितलं. पोराचा श्वास कसा सुरेख चालला होता. मी कुजबुजल्ये, "कोणी काही दिलं नाही ना?"

"नाही, वैनी. ही त्याची स्वतःची झोप आहे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात छत्री, दुसऱ्यात नातू. माझेही डोळे काही कोरडे राहिले नाहीत.

दिवेलागणीची वेळ झाली तरी ते हलले नव्हते. पायाला मुंग्या आल्या असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, "द्या आता त्याला माझ्याकडे. आत पाळण्यात ठेवत्ये."

त्यांनी मान वर केली. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सबब, मेहेरबान वैनींनी कृपावंत होऊन अर्जदारास आणखी थोडा वेळ असंच बसू द्यावं."

मी म्हटलं, "मंजूर."